हवा कुठून गेली

बाबल कुबलाची होडी किनाऱ्याला लागली तेव्हा माझा धाकटा भाऊ गौरेश तिच्यात मान खाली घालून बसला होता आणि त्याची काइट ओल्या चादरीसारखी होडीच्या कडेवरून लोंबत होती. शर्यत अजून संपली नव्हती. पाण्यावर बाकीच्यांच्या काइटी झुलत होत्या. पण पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे असलेला आमच्या गावचा माणूस होडीत बसून परत आला म्हटल्यावर लोकांना शर्यतीत काय रस उरणार? सगळे होडीभोवती गोळा झाले.

"काय झाला रे?" कोणीतरी विचारलं.

गौरेशने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग लोकांकडे.

"ट्यूब गेली," तो म्हणाला. "पाण्यात आसतानाच मऊ पडली. अक्कान कालच ठिगळ मारल्यान तिका."

अक्का म्हणजे मी, शालन तारी. तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती. सासर सोडून मी आईकडे परत आले होते, आणि वेंगुर्ल्याच्या खालच्या त्या किनाऱ्यावर काइटची पंक्चर काढणारी मी एकटीच होते. गावातल्या म्हाताऱ्या काइटला वावडी म्हणत आणि मला वावडीवाली. मला ते आवडायचं. सासरी मला जे म्हणत त्यापेक्षा बरंच बरं होतं.

ज्याने कधी पाहिली नसेल त्याला सांगते. पाण्यावरची ही काइट कागदाची नसते. तिच्या पुढच्या कडेला मांडीएवढी जाड, हवा भरलेली ट्यूब असते. तिला आम्ही कणा म्हणतो, आणि तिच्यातून निघालेल्या बारीक ट्यूबांना बरगड्या. माणूस फळीवर उभा राहतो, कमरेला दोऱ्या अडकवतो आणि वरची काइट त्याला पाण्यावरून ओढत नेते. कण्यात हवा गच्च असेल तोवर काइट पाण्यात पडली तरी पुन्हा उठते. कणा मऊ पडला की ती उठत नाही, आणि माणूस वारा नेईल तिकडे जातो. म्हणून मोठ्या भोकाला कोणी भीत नाही, ते किनाऱ्यावरच कळतं. भीती असते ती हळूहळू हवा सोडणाऱ्या भोकाची. सुरूच्या बोंडाचं टोक, केवड्याचा काटा, कालवाच्या शिंपेची कड, एवढंसं निमित्त पुरतं. किनाऱ्यावर काइट ठणठणीत वाटते आणि आत समुद्रात गेल्यावर दगा देते.

ते भोक शोधायचं हे माझं काम. साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. तो नाही आला तर ओठ ओले करून ट्यूबवरून फिरवायचे, म्हणजे हवेची बारीकशी धार लागते. बोटांना जे कळत नाही ते ओठांना कळतं. बाबल कुबल येताजाता मला चिडवायचा, "शालन वावडयेचे मुके घेता." मी म्हणायची, माणसांपेक्षा वावडी बरी, ती उलटून बोलत नाही.

त्या दिवशी गर्दीत सरदेसाई उभे होते. गोव्यात त्यांचं काइटचं दुकान होतं आणि ते शर्यतीला आले होते ते निम्मे माझ्यासाठी. सगळ्या किनाऱ्यावरच्या काइटींची दुरुस्ती ते मला देणार होते. शिवणयंत्र, टेबल, दारावर माझ्या नावाची पाटी, सगळं बोलून झालं होतं. काम मिळालं असतं तर मी वेगळी खोली घेणार होते. आईच्या घरात जेवायला बसताना पानात दुसऱ्यांदा भात घेऊ की नको असा विचार करण्यातून सुटणार होते. फक्त शर्यत पार पडायची होती.

"बायलमनशेचा काम ता," मागून कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. मी मागे वळून बघितलं नाही. कोण म्हणालं ते कळलं असतं तर रोज त्याचं तोंड बघणं जड गेलं असतं.

सरदेसाई मात्र हसले नाहीत. काइट गोळा करायला त्यांनी मला मदत केली आणि हळूच म्हणाले, "शालनताई, भोक कुठे आहे ते शोधून ठेवा. मी उद्या सकाळी येतो. तुमचं ठिगळ सुटलं असेल तर ते का सुटलं ते दोघं मिळून बघू. माझीही सुटलेली आहेत, त्यात काय एवढं."

काइट डोक्यावर घेऊन मी घरामागच्या मांगरात गेले. शेणी आणि नारळ ठेवायची ती खोपटी, तिच्यातच माझं काम चालायचं. काइट पसरली, पंपाने हवा भरली. कापड समुद्राच्या पाण्याने जड झालं होतं आणि जमिनीवर थेंब गळत होते. आधी माझं ठिगळ बघितलं. कण्याच्या टोकाजवळची चेन उघडली की ट्यूब हाताला लागते, आणि ठिगळ तिथेच होतं. त्यावर फेस लावला. एकही बुडबुडा नाही. मग हवा भरायचे व्हॉल्व्ह, मग शिवणी, मग एकेक बरगडी. फेस आपला जागच्या जागी सुकत होता.

खरं सांगते, माझंच ठिगळ चुकलेलं निघावं असं मला वाटत होतं. चुकलेलं पुन्हा नीट करता येतं. काहीच सापडत नाही याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी गौरेश मांगराच्या दारात आला. आत आला नाही.

"गावला?"

"नाय."

"बारीक आसतला."

"बारीक आसला तरी गावता," मी म्हटलं. "किती वेळात मऊ पडली?"

"माका काय म्हायत? पाण्यात काय मी घड्याळ बघी होतंय?"

"हळूहळू पडली की एकदम?"

 "तू कित्याक येवढा शोधतंस? ठिगळच आसतला," म्हणाला आणि निघून गेला.

मी काइट तशीच हवा भरून ठेवली. कुठेच काही सापडत नसेल तेव्हा हा शेवटचा उपाय असतो. भरून ठेवायची, झोपायला जायचं आणि सकाळी दाबून बघायची. भोक कितीही बारीक असो, रात्रभरात कुठेतरी मऊ लागतंच.

सकाळी चहासुद्धा न घेता मांगरात गेले. कणा दाबला. माझा अंगठा आत गेला नाही. दोन्ही टोकं दाबली, बरगड्या दाबल्या. काइट आदल्या संध्याकाळी होती तितकीच गच्च होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिच्यात भोक नव्हतंच.

मग हवा सोडायला घेतली. कण्याच्या एका टोकाला त्यासाठी मोठं तोंड असतं, वर बूच बसवलेलं. बूच ओढलं की सगळी हवा एकदम बाहेर. मी ते टोक मांडीवर घेतलं आणि बूच ओढलं. आधी हवा आली आणि तिच्यामागून पाणी. माझं लुगडं भिजलं. काइट वाकडी केली तसं आणखी आलं, चांगलं तांब्याभर. बोट बुडवून जिभेला लावलं तर खारट.

ट्यूबला भोक असतं तर त्यातून हवा बाहेर गेली असती, एवढं पाणी आत आलं नसतं. तांब्याभर पाणी आत यायला एकच वाट होती, आणि ती कोणीतरी पाण्यात असताना स्वतःच्या हाताने उघडावी लागते. उघडल्यावर त्याने बूच पुन्हा घट्ट बसवलं होतं. आत शिरलेलं पाणी आतच राहील हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

गौरेश विहिरीवर तोंड धूत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझं लुगडं गुडघ्यापासून खाली ओलं होतं. त्याने ते बघितलं आणि त्याला कळलं. लहानपणापासून त्याचं असंच होतं. त्याला काही विचारावं लागत नाही.

"काइट पाण्यात पडली, दोरी ओढून जवळ घेतलंय आनी हात आपसूक बुचार गेलो," तो म्हणाला.

"कित्या?"

"वळणापलीकडे वारो येगळोच होतो, अक्का. दोनदा माका उचलल्यान. खाली खडप होता. तिसऱ्या येळेक खडपार आपटतलंय असा वाटला." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "माका भिती वाटली गो."

मला त्याची दया आली. हे खोटं नाही. तो दोन वर्षांचा असताना बाबा समुद्रात गेले ते परत आले नाहीत, आणि तेव्हापासून त्याला कडेवर घेऊन वाढवला तो मीच. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

"बरा झाला उघडलंस," मी म्हटलं. "जीव वाचलो. सरदेसाई येतले तेंका ताच सांग. भिती वाटली म्हणान सांग. ते काय हसूचे नाय."

"सांगतंय," तो म्हणाला.

तो सांगतो म्हणाला, एवढ्यावर मी निश्चिंत झाले. आंघोळीला गेले.

आंघोळ करून आले तर मांगरात माणसांचा आवाज. गौरेशने चेन उघडून ट्यूब बाहेर ओढली होती. तो जमिनीवर उकिडवा बसून माझं ठिगळ नखाने उचकटत होता आणि शेजारी आई उभी होती. तिच्या हातात मासे साफ करायची सुरी होती. तिने ती त्याच्यासाठी आणली होती. ठिगळ सुटत नव्हतं. एका कोपऱ्यापाशी त्याने बरंच कोरलं होतं, पण ते हटत नव्हतं. मी दारात आलेली बघून त्याने मान वर केली.

"अक्का," तो म्हणाला, "ह्या कसा काढूचा गो?"

आजही मला सगळ्यात जास्त काय आठवतं विचाराल तर हा प्रश्न. त्याने तो अगदी सहज विचारला. लहानपणी चड्डीच्या नाडीची गाठ सुटत नसली की विचारायचा तसा.

 त्याने आईच्या हातातली सुरी घेतली आणि तिचं टोक कोपऱ्याखाली घालून ठिगळ ओरबाडून काढलं. त्याच्याबरोबर ट्यूबचं कातडंही निघून आलं.

"शालन, वायच माझा आयक," आई म्हणाली. "सरदेसाई इलो की सांग, ठिगळ सुटला म्हणान. तुझ्या हातसून चुकला म्हणान."

"आये, माझ्या हातसून काय चुकूक नाय."

"ता माका कळता. पण तेका वावडयेची शाळा काढूची आसा. भित्र्या मास्तराकडे कोण आपली पोरां धाडतली?"

"आनी माझ्याकडे काइटी कोण धाडतलो?"

"तुझा काय," आई म्हणाली. ती रागावली नव्हती, मला समजावत होती. "तुका दोन येळचा जेवान ह्या घरात मेळताच मां. तेचा अजून सगळा होवचा आसा."

माझं सगळं होऊन गेलं होतं, असा त्याचा अर्थ. मला तिला ओरडून विचारायचं होतं की मी कोणाची मुलगी आहे. पण फाटकाबाहेर गाडी थांबली आणि आईने डोक्यावरून पदर घेतला.

सरदेसाई मांगरात आले. चप्पल बाहेर काढून आले. माझ्या कामाच्या जागेला कोणी असा मान दिलेला मी पहिल्यांदाच बघत होते. "काय ताई, सापडलं?" त्यांनी विचारलं.

मी गौरेशकडे बघितलं. तो सांगणार होता. विहिरीवर कबूल झाला होता. मी थांबले, चांगली थांबले, इतकी की सरदेसाईंनाही ते जाणवलं असेल. गौरेश पंपाची नळी गुंडाळत राहिला. आधीच गुंडाळलेली होती, ती उलगडून पुन्हा गुंडाळत होता.

तेव्हा आई माझ्या मागे आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. सासरहून आल्यापासून तिने मला हात लावला नव्हता. वाढायची, बोलायची, ताप आला तर काढा करून द्यायची, पण हात लावत नव्हती. तो हात माझ्या पाठीवर वरखाली फिरला. त्या हातासाठी मी किती दिवस झुरले होते ते मला त्या क्षणी कळलं, आणि तो कशासाठी फिरतोय तेही कळत होतंच.

"ठिगळ सुटलं," मी म्हटलं. "माझ्या हातून चुकलं."

सरदेसाई खाली बसले. त्यांनी ट्यूब हातात घेतली, जमिनीवर पडलेलं ठिगळ उचललं, उलटं करून बघितलं. त्याला चिकटून आलेलं ट्यूबचं कातडं अंगठ्याने चाचपलं. मग कोपऱ्यापाशी सुरीने कोरलेलं बघितलं.  आई चहा आणते म्हणाली, त्यावर त्यांनी नको म्हणून हात केला.

"ताई, जरा बाहेर या," ते म्हणाले.

आम्ही केळीपाशी उभे राहिलो. ते माझ्याशी बोलले ते अगदी हलक्या आवाजात, कोणी ऐकू नये म्हणून.

"सुटलेलं ठिगळ असं नसतं. हे असं निघालं म्हणजे फार चांगलं लावलेलं होतं."

मी केळीचं एक सुकलेलं पान ओढून काढलं.

"काय झालं ते मला सांगा. मी तुमच्या भावाला काही बोलणार नाही."

मांगराच्या दारात आई उभी होती. माझ्या पाठीला अजून तिच्या हाताची ऊब होती. एक शब्द बोलले असते तर सगळं मिळालं असतं. मला ते माहीत होतं, आणि सरदेसाईही त्यासाठीच थांबले होते.

"ठिगळच सुटलं," मी पुन्हा म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "तुमचं काम चुकलं असतं तर मी तुम्हाला पुन्हा शिकवलं असतं," ते म्हणाले. "पण हवा कुठून गेली हे जो मला खरं सांगणार नाही, त्याच्या हातची काइट देऊन मी माणसाला पाण्यात कसा पाठवू? तुम्हीच सांगा."

त्यांनी चप्पल घातली आणि गेले. गौरेशने मांगरातून डोकं बाहेर काढून विचारलं, "काय म्हणालो?" आई म्हणाली, "गेलो. आता सगळी बसा, पेज थंड होता." त्या दिवशी तिने माझ्या पेजेत न मागता तूप घातलं. पाठीवर हात तिने त्यानंतर कधी ठेवला नाही, शेवटच्या आजारातसुद्धा नाही.

शाळा झाली. चांगली चालते. गौरेशचं लग्न झालं, किनाऱ्यावर त्याचं ऑफिस आहे, मुंबई-पुण्याची मुलं सुट्टीत शिकायला येतात. वळणापलीकडे तो कधी जात नाही. मुलांनाही जाऊ देत नाही, आणि त्याला लोक शिस्त म्हणतात. पहिल्या धड्याला, आमच्याच अंगणात, तो ती शर्यतीची गोष्ट सांगतो. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असते, ऐकू येतं. शेवटी म्हणतो, "म्हणून सांगतो, ठिगळ कोणाच्या हातचं आहे ते विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. आपल्या काइट गोव्याहून दुरुस्त होऊन येतात." मुलं माना डोलावतात.

गोव्याला तो काही पाठवत नाही. पहिल्या वर्षी दोन पाठवल्या होत्या, त्या परत आल्या आणि महिन्याभरात पुन्हा मऊ पडू लागल्या. तेव्हापासून काळोख पडायच्या आत काइट गुंडाळून मागच्या दाराने मांगरात येते. "अक्का, तेवढी बघ गो," म्हणतो. मी बघते. दुसरं काय करणार, मला दुसरं काही इतकं चांगलं येत नाही. आणि त्या दोऱ्यांना कोणाची तरी मुलं लटकलेली असतात. राग यायचा म्हणून येतो, अजूनही येतो, पण तो माझा मला. ट्यूबला तो कळू देत नाही.

परवा एका मुलाची आई विहीर बघायला म्हणून मागच्या अंगणात आली. गौरेश तिला घर दाखवत होता. मी मांगरात होते. दुरुस्त केलेली ट्यूब कापडाच्या आत परत सरकवायची तर तिला सगळीकडून शंखजिऱ्याची पावडर चोळावी लागते, नाहीतर ती आत पिळवटते. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. त्या बाई दारात आल्या, आतल्या अंधारात त्यांना फारसं दिसलं नसावं. माझे हात बघून छान हसल्या.

"भाकऱ्या चालल्यात वाटतं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. पण गौरेश माझ्याआधी बोलला.

"हो," तो म्हणाला, "आमची अक्का घरातलंच बघते."

"बरं असतं हो, घरात कोणी असलं म्हणजे," त्या म्हणाल्या, आणि दोघं विहिरीकडे गेली. त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा पाण्यात उतरणार होता, आणि ही काइट त्याचीच होती. मी पुन्हा हातावर पावडर घेतली. अर्धी ट्यूब अजून चोळायची राहिली होती.